तारण गमावता येते काय? : वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातील धर्मत्याग आणि पुनःप्रवेश

प्रस्तावना

वसई तालुक्याच्या पश्चिमेस समुद्राला लागून असलेल्या पट्ट्यात पापडी, सांडोर, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी ही जुन्या धर्मग्रामांची गावे आहेत. पूर्वेकडे चांदीप, पारोळ, मांडवी या बाजूस गेल्यास चर्चची ती दाटी संपते. एकाच तालुक्याच्या दोन भागांतील हा फरक पोर्तुगीज अंमलाच्या व्याप्तीने आणि मिशनरी कार्याच्या दिशेने घडविला, हे सर्वज्ञात आहे. परंतु पश्चिम पट्ट्याचा धार्मिक इतिहास हा केवळ धर्मांतराचा इतिहास नाही. तेथे ख्रिस्ती झालेली काही कुटुंबे पुन्हा हिंदू धर्मात गेली, काही डळमळली, बहुसंख्य मात्र राज्ये बदलली तरी ख्रिस्तीच राहिली. एकदा ख्रिस्ताला शरण गेलेला मनुष्य आपले तारण गमावू शकतो काय, आणि गमावल्यास ते त्याला परत मिळते काय, हा ख्रिस्ती ईशज्ञानातील जुना प्रश्न आहे. वसईत तो ग्रंथापुरता मर्यादित राहिला नाही. तो जमिनीशी, जातीशी, भीतीशी आणि साथीच्या रोगाशी जोडला गेला.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाची ख्रिस्ती परंपरेतील उत्तरे प्रथम थोडक्यात मांडून त्यांच्या प्रकाशात वसईतील १५३४ ते १८८२ या काळातील घटनांचा विचार केला आहे. स्नानसंस्काराची खूण पुसता येत नाही, हा एकच सिद्धांत धर्मन्यायालयाच्या हाती असताना श्रद्धावंताच्या पायातील बेडी ठरला आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूच्या हाती असताना परतीचे दार ठरला, असे या विवेचनातून दिसून येते.

प्रश्नाचे स्वरूप आणि जुना निवाडा

नव्या करारात या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी आधार सापडतो. योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या मेंढरांना कोणीही आपल्या हातातून हिरावून घेऊ शकणार नाही, असे आश्वासन देतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात मात्र कृपेचा अनुभव घेऊन पतन पावलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य असल्याचा कठोर इशारा आहे. या दोन वचनांतील ताण पुढील सर्व वादांच्या मुळाशी आहे.

हा ताण पहिल्यांदा तीव्रपणे जाणवला तो इ.स. २५० मध्ये. रोमन सम्राट डेसिअस याने सर्व प्रजाजनांना देवतांना बळी अर्पण करण्याचा हुकूम दिला. अनेक ख्रिस्ती लोकांनी प्राणभयाने बळी अर्पण केला, तर काहींनी लाच देऊन बळी अर्पण केल्याचा दाखला तेवढा मिळविला. छळ ओसरल्यावर हे पतित लोक पुन्हा चर्चच्या दाराशी आले. रोममधील नोव्हेशिअनने त्यांना परत घेण्यास नकार दिला. कार्थेजचा बिशप सिप्रिअन याने मध्यममार्ग स्वीकारला. २५१ च्या कार्थेज परिषदेत प्रत्येकाच्या अपराधाचे स्वरूप पाहून, योग्य प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घेण्याचे ठरले. बळी देणारा आणि नुसता दाखला घेणारा यांच्यात भेद करण्यात आला, हे विशेष महत्त्वाचे आहे. भीतीने केलेल्या कृतीचे वजन स्वेच्छेने केलेल्या कृतीइतके धरता येत नाही, ही जाणीव या निवाड्यात आहे.

सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या चळवळीने हा प्रश्न नव्याने उभा केला. ट्रेंट परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी नीतिमत्त्वाविषयीचा आदेश मंजूर केला. त्यानुसार प्राणघातक पापाने मनुष्य देवाची कृपा गमावतो, जरी त्याची श्रद्धा शिल्लक असली तरी. ही गमावलेली कृपा प्रायश्चित्त संस्काराने परत मिळू शकते. अखेरपर्यंत टिकून राहण्याचे दान आपल्याला निश्चितपणे मिळेल, असे कोणीही विशेष प्रकटीकरणावाचून ठामपणे म्हणू नये, असेही परिषदेने बजावले. त्याच वर्षी ३ मार्च रोजी स्नानसंस्कार, दृढीकरण आणि गुरुदीक्षा हे तीन संस्कार आत्म्यावर अमिट खूण उमटवितात व म्हणून ते पुन्हा देता येत नाहीत, असे जाहीर झाले. नोव्हेंबर १५५१ मध्ये प्रायश्चित्त संस्काराची सविस्तर मांडणी झाली. जहाज फुटल्यावर बुडणाऱ्याच्या हाती लागणाऱ्या दुसऱ्या फळीची प्राचीन उपमा परिषदेने या संस्कारासाठी वापरली.

प्रोटेस्टंट पंथांत एकवाक्यता नव्हती. ल्यूथरच्या अनुयायांनी श्रद्धा गमावणे शक्य मानले. हॉलंडमधील आर्मिनिअसच्या अनुयायांनी १६१० मध्ये हा मुद्दा अनिर्णित ठेवला, तर १६१८–१९ च्या डॉर्ट परिषदेने निवडलेल्यांचे अंतिम पतन होत नाही असा निर्णय दिला. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन परंपरेने वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रिकेच्या सतराव्या प्रकरणात हाच सिद्धांत स्वीकारला. या मतानुसार जो कायमचा सोडून गेला, त्याची श्रद्धा मुळातच खरी नव्हती. उलट मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी पतनाची शक्यता मान्य केली.

सारांश, कॅथलिक मतात तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. खूण कधीही पुसली जात नाही, कृपा गमावता येते, आणि गमावलेली कृपा परत मिळविता येते. वसईच्या संदर्भात हा त्रिविध भेद निर्णायक ठरतो.

पोर्तुगीज अंमल : खूण आणि दंड

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई व तिच्याशी संलग्न प्रदेश पोर्तुगीजांना दिला. फ्रान्सिस्कन संन्यासी प्रथम आले. त्यांच्यापाठोपाठ जेझुइट आणि अन्य संघ आले. धर्मांतरांमागे श्रद्धा होती, सवलती होत्या आणि दडपणही होते. या तिन्हींचे प्रमाण गावागणिक आणि दशकागणिक बदलत गेले. सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी, भंडारी अशा विविध समाजांतून ख्रिस्ती झालेल्या लोकांनी आपली बोली, पेहराव आणि जातीय ओळख बऱ्याच अंशी टिकविली. सामवेदी समाजाचा एक भाग ख्रिस्ती झाला आणि एक हिंदू राहिला, त्यामुळे एकच बोली दोन्ही धर्मांच्या घरांत नांदली.

१५६७ मध्ये गोव्याच्या पहिल्या प्रांतिक परिषदेने बळजबरीने धर्मांतर करणे योग्य नाही, असे तत्त्व मांडले. परंतु ज्याला भीतीपोटी स्नानसंस्कार मिळाला, त्याचे काय, हा प्रश्न त्यापूर्वीच एका वेगळ्या दिशेने सुटलेला होता. पोप तिसरा इनोसंट याने १२०१ मधील एका पत्रात असा भेद केला होता की, जो अखेरपर्यंत स्पष्ट विरोध करीत राहतो त्याच्यावर संस्काराची खूण उमटत नाही. पण जो धमकी वा छळ टाळण्यासाठी संस्कार स्वीकारतो त्याच्यावर ती उमटते आणि त्याला ख्रिस्ती धर्म पाळण्यास भाग पाडता येते.

१५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले. मधल्या काळातील १७७४ ते १७७८ ची खंडित वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. त्याच्या अधिकाराचा मुख्य पाया स्नानसंस्कार हाच होता. जो कधी ख्रिस्ती झालाच नाही, तो धर्मत्यागी ठरू शकत नव्हता. जो ख्रिस्ती झाला होता, तो घरातील जुना विधी करताना आढळल्यास धर्मत्यागाच्या आरोपास पात्र ठरत होता. तारण गमावण्याचा आध्यात्मिक प्रश्न येथे फौजदारी प्रश्न बनला. सिप्रिअनने भीतीला दिलेली सवलत या व्यवस्थेत एकाच बाजूने लागू झाली नाही. भीतीने आत आलेल्याची खूण बंधनकारक मानली गेली. पण भीतीने वा सवयीने बाहेर डोकावणाऱ्याची कृती मात्र अपराध ठरली. ही विषमता वसईच्या धार्मिक इतिहासातील सर्वांत बोचरी बाब आहे.

तथापि त्याच काळातील दुसरे चित्रही नोंदविले पाहिजे. १६२९ मध्ये एतियेन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाचे संत पेत्राच्या जीवनावरील दीर्घ मराठी ओवीबद्ध काव्य गोव्यात प्रसिद्ध झाले. थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणानंतरची ही मोठी मराठी ख्रिस्ती रचना. पेत्र हा येशूला तीनदा नाकारणारा आणि नंतर अश्रू ढाळून परत येणारा शिष्य होय. यहूदाही चुकला, पण तो निराशेत बुडाला. पेत्राचे चरित्र सांगायचे म्हणजे पतन आणि परतणे दोन्ही सांगावे लागते. मराठी बोलणाऱ्या श्रद्धावंतापुढे आदर्श म्हणून न चुकणारा नव्हे, तर चुकून परतणारा मनुष्य ठेवला गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

टिकून राहण्याचे दुसरे टोक वसईच्याच भूमिपुत्राने गाठले. वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह क्रुसावर देहदंड देण्यात आला. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्याच जपानमध्ये १६३३ साली क्रिस्तोव्हाव फेरेरा या जेझुइट प्रमुखाने असह्य यातनांनंतर धर्मत्याग केला. एकाच भूमीवर एक अल्पज्ञात बंधू टिकला आणि एक विद्वान वरिष्ठ कोसळला. अखेरपर्यंतची स्थिरता ही विद्वत्तेची वा पदाची मिळकत नसून दान आहे, या ट्रेंटच्या भूमिकेचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

मराठी अंमल : दोन दारे उघडी

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला. शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती प्रजेस धर्माचरणाची मुभा देण्यात आली. पोर्तुगीज सत्तेबरोबर युरोपीय संन्यासी संघांचा येथील कारभार संपला आणि धर्मग्रामांची जबाबदारी गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकाराखालील देशी धर्मगुरूंवर आली. १७६० च्या सुमारास साष्टीतून प्रवास करणारा फ्रेंच विद्वान आंकेतिल द्यु पेरों याने ठाण्यातील उत्सवास जमलेल्या हजारो ख्रिस्ती लोकांचे आणि त्यांना असलेल्या मोकळिकीचे वर्णन केले आहे. धर्मन्यायालयाचा हात येथे आता पोहोचत नव्हता. अशा वेळी ख्रिस्ती राहणे हा प्रथमच बऱ्याच अंशी निवडीचा विषय बनला.

दुसरीकडे निर्मळ येथील तीर्थाचे पुनरुज्जीवन झाले आणि परत येऊ इच्छिणाऱ्यांसाठी शुद्धीची व्यवस्थाही झाली. पेशवे माधवरावांच्या काळात हिंदूंना वसईत वस्ती करण्यास उत्तेजन देण्यात आले आणि बाटलेल्यांच्या शुद्धीकरणाचा खर्च भागविण्यासाठी कर बसविण्यात आला, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरमध्ये आढळते. शुद्धीला शास्त्राधार होता. देवलस्मृतीत म्लेंच्छांच्या हाती सापडून आचारभ्रष्ट झालेल्यांसाठी कालावधीनुसार कमी-अधिक प्रायश्चित्ते सांगितली आहेत. नेताजी पालकरांच्या १६७६ मधील शुद्धीचे उदाहरणही मराठी राज्यापुढे होते.

अशा रीतीने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वसईतील मनुष्यापुढे परतीच्या दोन वाटा होत्या. एका वाटेवर स्नान, प्रायश्चित्त आणि ब्राह्मणभोजन होते. दुसरीवर पश्चात्ताप, पापनिवेदन आणि क्षमा. दोन्ही परंपरांच्या ग्रंथांत पतन अंतिम नव्हते. फरक इतकाच की, हिंदू शास्त्रदृष्ट्या मनुष्य शुद्ध होऊन पूर्वपदी येत होता, तर कॅथलिक दृष्टीने तो शुद्ध होऊन गेला तरी त्याच्यावरील खूण कायम राहत होती. उद्या तो वा ती मंडळी चर्चच्या दाराशी परतली, तर त्यांना नव्याने ख्रिस्ती करण्याचा प्रश्नच नव्हता. पापनिवेदन पुरेसे होते. धर्मगुरू मिळालाच नाही तर संस्काराची इच्छा बाळगून केलेला परिपूर्ण पश्चात्तापही देवाशी समेट घडवितो, अशी तरतूद ट्रेंटने केली होती. धर्मगुरूंची संख्या रोडावलेल्या काळात या तरतुदीचे मोल मोठे होते. दंडाची सत्ता गळून पडल्यावर अमिट खुणेचा सिद्धांत प्रथमच आपल्या सौम्य रूपात प्रकट झाला.

पटकीची साथ आणि वरप आगरी

इंग्रजी अंमल स्थिरावत असताना १८२०–२१ मध्ये पटकीच्या साथीने किनारपट्टी हादरली. पूर्वजांचा धर्म सोडल्यामुळे हा कोप झाला, अशा समजुतीने काही ख्रिस्ती कोळी कुटुंबे हिंदू धर्मात परतली, असे १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये नमूद आहे. त्याच दशकात साष्टीतील काही ख्रिस्ती आगरीही परतले. त्यांना वरप वा उरप आगरी म्हणत. त्यांची काही आडनावे पोर्तुगीज वळणाची राहिली आणि इतर आगऱ्यांशी त्यांचा रोटी-बेटीव्यवहार होत नसे, असे हाच ग्रंथ सांगतो.

ही नोंद बारकाईने पाहण्याजोगी आहे. ज्या सिद्धांतानुसार स्नानसंस्काराची खूण पुसत नाही, तो मानणारे हे लोक आता राहिले नव्हते. ज्या शास्त्रानुसार प्रायश्चित्ताने दोष नाहीसा होतो, त्याच्या आधारे ते परतले होते. तरीही व्यवहारात त्यांच्यावर खूण राहिलीच. ती चर्चने नव्हे, तर स्वतःच्या जातीने ठेवली. ग्रंथाने क्षमा केली, पंगतीने केली नाही. गोव्यात १९२८ मध्ये मसूरकर महाराजांच्या चळवळीत हिंदू झालेल्या गावड्यांचीही पुढे ‘नवहिंदू गावडे’ अशी वेगळी ओळख राहिली. शतकभराच्या अंतराने हाच अनुभव पुन्हा आलेला दिसतो.

उलट प्रकारचे उदाहरण मुंबईत घडले. १८४३ मध्ये स्कॉटिश मिशनच्या संपर्कातील नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याला न्यायालयाच्या आदेशाने वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो केवळ मिशनरींच्या घरी राहिला व जेवला होता. तरीही त्याला जातीत घेण्यावरून वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा कैवार घेतला आणि सनातनी मंडळींनी त्यास विरोध केला. मिशनरींच्या ईशज्ञानानुसार श्रीपतवर कोणतीही खूण उमटली नव्हती, पण समाजाच्या दृष्टीने ती उमटली होती. त्या मिशनच्या प्रेस्बिटेरियन मतानुसार खऱ्या निवडलेल्याचे पतन होतच नाही. साहजिकच परत गेलेल्याविषयी त्या मताला एवढेच म्हणता येई की, तो कधी आपला नव्हताच. कॅथलिक मताला तसे म्हणता येत नव्हते. परत गेलेलाही त्याच्या दृष्टीने आपलाच राहत होता, दुरावलेला असला तरी.

उत्तरकालीन पडसाद

वसईचा प्रदेश पुढे दमण धर्मप्रांतात आणि १९२८ पासून मुंबई महाधर्मप्रांतात राहिला. १९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली. १९८३ च्या चर्च कायद्यानेही स्नानसंस्काराची अमिट खूण कायम ठेवली. त्या कायद्यात औपचारिक कृतीने चर्च सोडणाऱ्या व्यक्तींचा काही विवाहविषयक कलमांत अपवाद केलेला होता. २००९ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तो अपवादही काढून टाकला. नावनोंदणी रद्द करता येईल, पण झालेला संस्कार न झालेला करता येणार नाही, ही जुनी भूमिका त्यातून अधिक स्पष्ट झाली.

भारतीय न्यायव्यवस्थेपुढे हाच प्रश्न जातीच्या भाषेत आला. १९८४ च्या कैलाश सोनकर विरुद्ध माया देवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे मत मांडले की, धर्मांतराने मूळ जात नष्ट होत नाही. तिला ग्रहण लागते आणि पुनर्धर्मांतरानंतर ती पुन्हा प्रकट होऊ शकते. २०१५ च्या के. पी. मनू प्रकरणात मूळ समाजाने त्या व्यक्तीला स्वीकारल्याचा पुरावा आवश्यक धरण्यात आला. न पुसणारी खूण आणि समाजाची मान्यता या वसईत दिसलेल्या दोन्ही बाबी येथे धर्मनिरपेक्ष कायद्याच्या परिभाषेत पुन्हा भेटतात.

समारोप

तारण गमावता येते काय, या प्रश्नाचे उत्तर ईशज्ञानात पंथानुसार बदलते. कॅथलिक मत ‘होय, आणि ते परतही मिळते’ असे सांगते. प्रेस्बिटेरियन मत ‘खऱ्या निवडलेल्याचे नाही’ असे सांगते. इतिहासाचा अभ्यासक या मतांत निवाडा करू शकत नाही. ही मते माणसांच्या वाट्याला कोणत्या रूपात आली, हे मात्र त्याला दाखविता येते. वसईच्या इतिहासावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, अमिट खुणेचा सिद्धांत स्वतः क्रूर वा कनवाळू नव्हता. त्याच्यामागे दंडशक्ती होती की क्षमेचा अधिकार होता, यावर त्याचा परिणाम अवलंबून राहिला. दुसरा, आत येतानाची भीती आणि बाहेर जातानाची भीती यांना एकच माप लावले गेले नाही, आणि त्याची किंमत सामान्य कुटुंबांनी मोजली. तिसरा, दोन्ही धर्मांच्या ग्रंथांनी परतीची वाट खुली ठेवली असतानाही समाजाने ती अनेकदा अरुंद केली.

१७३९ नंतर दंडाची भीती उरली नव्हती आणि परतण्यास उत्तेजन होते, तरीही पश्चिम पट्ट्यातील बहुसंख्य ख्रिस्ती समाज आपल्या श्रद्धेत टिकून राहिला. त्याचे स्पष्टीकरण केवळ पोर्तुगीज सक्तीने देता येत नाही. तसेच जे परतले त्यांच्या कृतीचे स्पष्टीकरण केवळ कर वा साथ यांनी पूर्ण होत नाही. टिकणारे आणि परतणारे दोघेही आपल्या परीने तारणाचाच शोध घेत होते, असे मानल्यास या प्रदेशातील दोन्ही समाजांचा इतिहास परस्परांना अधिक न्याय देणारा लिहिता येईल.